रंगावरची साय

५ मार्च

धाकटे, आधी सगळ्यांची विचारपूस. तुझी पाठ कशी आहे? वाकून केर काढणं सोडलंस की हट्ट अजून चालूच? मेहुण्यांच्या हाताचा थरथराट कमी झाला का? सुनेला सातवा लागला ना, पायांवर सूज तर नाही येत? आणि तुमच्या त्या भांडकुदळ मांजरीचा फाटलेला कान भरून आला का? इकडे लेक बरी, जावई बरे, मी ठणठणीत. विहीणबाईंचा पाय तेवढा अजून प्लास्टरमध्ये आहे.

तू म्हणालीस, ताई, चार ओळींची पत्रं धाडतेस त्यापेक्षा रोजची वही लिही आणि भरली की पाठवून दे. म्हणून ही वही. घरात कुणाला दाखवणार नाही. मनात येईल ते लिहीन, तूही मनातच ठेव.

विहीणबाई म्हणजे आमच्या जावयांची आई. स्वतःच्या घरी एकट्या राहतात. गेल्या महिन्यात मोरीत घसरल्या, घोटा मोडला, म्हणून जावई जाऊन त्यांना इथे घेऊन आले. तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी मी सायकलचं दुकान बंद करून लेकीकडे राहायला आले तेव्हा याच बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, 'मी नाही हो कुणाच्या दारी मुक्काम टाकणार. पाहुणी दोन दिवसच शोभते.' आता त्या शब्दाला बांधल्या गेल्यात बिचाऱ्या. पाणी मागतानासुद्धा म्हणतात, 'परत गेले की तुमचा हा त्रास संपेल.' मी काही मनात धरलेलं नाही. पाय धड असताना जीभ जरा जोरात चालतेच माणसाची.

तर मुद्द्याचं. मेहुण्यांनी आपल्या रंगांची पेटी मला दिली, त्याचा खरा उपयोग आता होतोय. मी विहीणबाईंचं चित्र काढतेय. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची खाट आहे, सकाळी नऊच्या सुमाराला अर्धा तास तिथे फार सुंदर ऊन येतं, आणि प्लास्टरमुळे त्या पळून जाऊ शकत नाहीत. एक दिवसाआड बसतात. आधी म्हणाल्या, 'माझं कसलं चित्र काढता, वाळलेल्या शेंगेचं?' पण चित्राच्या दिवशी आठ वाजताच केस विंचरून तयार.

अडचण अशी की परवा त्यांच्या गालाचा रंग मला सापडला. अगदी तोच. पांढऱ्यात पिवळी माती, किंचित लाल, एक थेंब निळा, अजून काय घातलं देव जाणे. आणि आज बघते तर ताटलीत त्यावर साय धरलेली. खाली चिकट लगदा. पुन्हा कालवला तर वेगळाच झाला. एक गाल सकाळचा दिसतो, एक गाल संध्याकाळचा.

तो रंग टिकवायलाच हवा. प्लास्टर एकोणतीसला निघणार आणि मग त्या जाणार. त्याआधी चित्र पुरं नाही झालं तर कधीच होणार नाही.

६ मार्च

ताटली डब्यात ठेवली, वर ओलं फडकं घातलं. कणकेवर घालतो तसं. आज रंगावर पाण्याचे थेंब, आणि थेंबांखाली साय. विहीणबाई म्हणाल्या, 'रंगाला घाम आलाय तुमच्या.' हसले मी. खरंच तसा दिसत होता.

८ मार्च

धाकटे, आज जे कळलं त्याने मला दुपारी झोप लागली नाही.

रंगाच्या दुकानात गेले होते. दुकानदार वयाने माझ्याएवढाच, चष्मा कपाळावर ठेवून हातातल्या चष्म्याने बघणारा. त्याला ओल्या फडक्याचं सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, तैलरंगात पाणी असतंच कुठे उडून जायला? त्यातलं तेल हवा खातं आणि हवा खाऊन घट्ट होतं. हवा लागू दिली नाही तर साय धरणार नाही.

हवा! अगं, हवेशी तर माझा जन्माचा व्यवहार. तीस वर्षं मी दुसरं केलं काय? लोकांच्या चाकात हवा कोंडून ठेवली. कुठून सुटते ते शोधलं आणि तिथे ठिगळ लावलं. आता फक्त उलटं करायचं. हवा आत ठेवायची नाही, बाहेर ठेवायची. रस्त्याने येताना मी एकटीच हसत होते. एका बाईने वळून पाहिलं.

९ मार्च

बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा घेतला. उंच डबा नको, आतली हवासुद्धा कमी हवी. तळाला बसेल अशी काच कापून आणली, रंग तिच्यावरच कालवायचे. मग माळ्यावरून माझी दुकानाची पेटी काढली. सोल्युशनची ट्यूब वाळून खडखडीत झाली होती, नवीन आणली. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, झाकणाच्या कडेने आतून चिकटवली. पत्रा आधी कानशीने खरवडून घेतला, नाहीतर रबर धरत नाही. हात विसरले नाहीत, धाकटे. डोळे विसरले असतील, हात नाहीत.

मग पाण्याची बादली. डबा बुडवला आणि वाट बघितली. डाव्या कोपऱ्यातून तीन बुडबुडे. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, 'आई, तू डब्याचं पंक्चर काढतेयस का?' मी म्हटलं, गप्प बस, मोजू दे. ठिगळ लावलं, पुन्हा बुडवला. एकही बुडबुडा नाही.

१२ मार्च

तीन दिवस डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता, आत रंगाचा एक गोळा. आज उघडला. बोट लावलं. ओला! लोण्यासारखा! मी लेकीच्या नाकाला लावला, ती चिडली, तिला कामावर जायचं होतं.

दुकानदाराने आणखी एक युक्ती सांगितली होती, कापसावर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकून तो बोळा डब्यात ठेवायचा, म्हणजे रंग आणखी उशिरा वाळतो. दाढेसाठी आणलेली बाटली होतीच. आता डबा उघडला की घमघमाट सुटतो.

आज चित्राचं काम झकास झालं. गाल, कपाळ, नाकाची बाजू. काम झाल्यावर डबा आत न्यायला उचलला तर विहीणबाई म्हणाल्या, 'असू द्या इथेच स्टुलावर. उगाच ने-आण कशाला? आणि मला तो लवंगेचा वास बरा वाटतो.' मला बरं वाटलं. आधी त्यांना टर्पेंटाइनच्या वासाने मळमळायचं.

१४ मार्च

साय.

काय चुकलं कळेना. रबर ठीक, काच ठीक. झाकण मीच नीट बसवलं नव्हतं बहुतेक. रंग पुन्हा कालवला, बराच वेळ गेला त्यात. विहीणबाईंनी एकदासुद्धा कुरकुर केली नाही. 'सावकाश करा,' म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

१६ मार्च

पुन्हा साय. काल डबा पाण्यात बुडवून बघितला होता, बुडबुडा नाही. झाकणावर ट्यूबचे दोन रुंद रबरबँडही चढवले होते. माझ्या मनाला लागलंय हे. ज्या हातांवर गावाने तीस वर्षं विश्वास टाकला त्या हातांतून एक बिस्किटाचा डबा हवाबंद होऊ नये?

१८ मार्च

तिसऱ्यांदा. आज मी हताश होऊन ब्रश खाली ठेवला. म्हटलं, विहीणबाई, माफ करा, तुमचा वेळ खातेय मी. उगाच ताटकळत ठेवलंय.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, 'अहो, मला दाखवायला नेलं होतं तेव्हासुद्धा माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं. पाच मिनिटांत पसंत करून मोकळे झाले. तुमचं चाललंय ते चालू द्या.'

मग अर्धा तास त्या आपल्या घराबद्दल बोलत होत्या. तिथे सकाळी त्या रेडिओ लावतात आणि त्यातल्या बाईला उत्तरं देतात म्हणे. मी म्हटलं, छान आहे की, कुणाची कटकट नाही. त्या म्हणाल्या, हो, कटकट नाही.

मला वाटतं त्यांना घराची फार ओढ लागली आहे. काही करून चित्र वेळेत संपवून त्यांना मोकळं करायला हवं. पाहुणीला अडकवून ठेवणं शोभत नाही.

२० मार्च

मी एक प्रयोग केला. हुबेहूब दुसरा डबा बनवला. एक स्वयंपाकघरात, एक विहीणबाईंच्या खोलीत, दोन्हींत तोच रंग. आज उघडले. स्वयंपाकघरातला ओला, खोलीतला साय धरलेला. चार वेळा झालं हे आता. त्या खोलीच्या हवेतच काहीतरी असावं. खिडकीचं ऊन? जावई म्हणाले, ऊन तर स्टुलापर्यंत पोचतच नाही. मग मी त्यांना म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, हवेचं काम आहे हे.

विहीणबाईंना म्हटलं, डबा रात्री स्वयंपाकघरात ठेवते. त्या म्हणाल्या, 'मग मला झोप कशी लागणार? त्या वासाची सवय झालीय.' आता आजारी माणसाला झोप नको का? ठेवला तिथेच.

२२ मार्च

पाचवी साय. पण आज मला दुःख झालं नाही, कारण दात घासता घासता उत्तर सापडलं. रबर कितीही चांगलं असलं तरी त्याला दाब पाहिजे. झाकण नुसतं बसून उपयोग नाही, आवळलं पाहिजे. दिवसा पत्रा तापतो, फुगतो, कुठेतरी केसभर फट पडत असणार. स्वयंपाकघर गार, म्हणून तिथे पडत नाही. इतकं साधं!

पेटीत सायकलच्या चाकाला लावायचे, चिमटीत धरून फिरवायचे ते पंखांचे नट पडलेत. चार कोपऱ्यांना चार.

२४ मार्च

धाकटे, जमलं!!

चार नट, खाली रबराचे वायसर, माझ्या हाताने आवळलेले. आज उघडायला मलाच जोर लागला. आत रंग परवा ठेवला तसाच, ओला, लकाकणारा, जसा काही आत्ताच नळीतून काढलाय. मी त्या खोलीत टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंना दाखवला. त्यांनी बघितला, म्हणाल्या, 'हो का. झालं मग तुमचं काम.'

आज मानेपर्यंत उतरले. पदर, खांदा. ब्रश नुसता धावत होता. विहीणबाई जरा गप्प होत्या, रात्री झोप झाली नसावी. काल दुपारी त्यांनी लेकीकडे पाना मागितला होता, वॉकरचा स्क्रू ढिला झालाय म्हणून. मी आज तपासला, चांगला घट्ट होता. वय झालं की उगाच शंका येतात.

२८ मार्च

परवा आणि आज, दोन्ही दिवस रंग ताजा. चित्र जवळजवळ झालंच. उजवा डोळा आणि मांडीवरचा हात तेवढा राहिलाय. एकच बैठक, शनिवारची, आणि संपलं. जावयांनी रविवारी सकाळची गाडी सांगितली आहे. विहीणबाईंनीच सांगायला लावली. मी कौतुकाने म्हटलं, बघा, म्हटलं होतं ना वेळेत पुरं करीन? त्या म्हणाल्या, 'तुम्ही शब्दाच्या पक्क्या.' आणि जेवताना ताटात अर्ध्याहून जास्त टाकलं.

डोळा आज काढायचाच होता, पण त्यात पाणी होतं. कचरा गेला म्हणाल्या. ओला डोळा काढता येत नाही, चमक चुकते.

२९ मार्च

आज प्लास्टर काढायला दवाखान्यात गेलो, मी आणि त्या. काढणारा माणूस गोल करवत चालवणारा, बडबड्या. प्लास्टर कापून दोन्ही तुकडे बाजूला ठेवले आणि म्हणाला, 'काकू, हे काय रंगवलंय तुम्ही?'

प्लास्टरवर, पोटरीच्या आतल्या बाजूला, जिथे दुसऱ्या कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, एकाखाली एक बोटांचे ठसे होते. पुसलेल्या बोटांचे. धाकटे, तो रंग मी कुठेही ओळखेन. तो त्यांच्या गालाचा होता. मला आधी वाटलं माझाच ब्रश लागला असेल. पण मी कधी त्या बाजूला बसलेच नव्हते.

पाच ठसे.

विहीणबाई भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या, लहान बाळांना कुठली लस कधी द्यायची त्याचा. फार लक्ष देऊन.

मी त्या माणसाला म्हटलं, आमच्या घरात रंगाचं काम चालू आहे, उडतो कुठे कुठे. तो हसला आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले.

परत येताना रिक्षात त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं. पाय बारीक झालाय त्यांचा, पाखरासारखा. मी बाहेर बघत होते. डोक्यात एकेक खिळा आपल्या जागी बसत होता. लवंगेचा वास. स्टूल. पाना. घरी येऊन वहीची मागची पानं उलटली. चौदा, सोळा, अठरा, वीस, बावीस. पाच साया.

मी बाई कुठलं कुठलं पंक्चर शोधत बसले होते. इतकी वर्षं दुकानात एक गोष्ट मला पाठ होती, की हवा आपोआप गेली असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा आधी विचारायचं, कुणी काढली का. तेवढं मात्र मी विचारलं नाही.

त्या तोंडाने 'मला राहू द्या' म्हणणार नाहीत. चार वर्षांपूर्वीचं बोलणं घशात अडकलंय. आणि मी इकडे नट आवळत बसले.

३१ मार्च

आज शेवटची बैठक ठरली होती. पण मी सकाळी सांगितलं, डोकं दुखतंय, संध्याकाळी बघू. डबा बरोबर घेऊन मागच्या गच्चीत गेले. चारही नट काढले. झाकण उघडलं, लवंगेचा बोळा फेकला, आणि काच उन्हात ठेवली, गच्चीच्या कठड्यावर, वारा लागेल अशी. दुपारी बोट लावलं. अजून ओला. आठवडाभराचा रंग, इतका चांगला टिकवलेला, वाळायलाच तयार नाही. माझंच काम मला आडवं आलं. मग मी कणभर रंग ठेवून बाकी खरवडून टाकला आणि उरलेला काचेवर पातळ पसरला, पापडासारखा. चारच्या सुमाराला धरली एकदाची साय.

लेकीने गच्चीत येऊन विचारलं, 'आई, हे काय करतेयस?' मी म्हटलं, रंगाची परीक्षा घेतेय. ती काही तरी कळल्यासारखी बघून गेली. ती माझ्या पोटची आहे, धाकटे, तिच्यापासून काय लपतंय.

१ एप्रिल

गाडी आठला येणार होती. विहीणबाई सातपासून तयार, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. जावई आणि लेक चहा घेत होते. मी डबा घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत टेबलावर उघडला.

म्हटलं, जावईबापू, पुन्हा साय धरली. माझं काही खरं नाही. डोळा राहिला आणि तो रंग आता पुन्हा सापडेपर्यंत किती दिवस लागतील सांगता येत नाही. पंधरा दिवस, महिना. माझा हात शिकाऊ.

खोटं होतं, धाकटे. पाच वेळा कालवून कालवून तो रंग आता मला डोळे मिटून जमतो.

विहीणबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग नटांकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं ते नट कसे आवळलेले होते, त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. मग माझ्याकडे पाहिलं. मी काच पुसत होते.

शेवटी आपल्या मुलाला म्हणाल्या, 'गाडीवाल्याला नको म्हणून सांग. एका डोळ्याची मी भिंतीवर लटकायची नाही.'

जावई म्हणाले, 'आई, तुलाच घाई होती.'

'मला काय घाई?' त्या म्हणाल्या. 'यांच्या कामाचा खोळंबा होतोय. करू दे त्यांना नीट.' आणि पिशवी खाटेखाली सरकवली, पार आत, भिंतीपर्यंत.

नऊ वाजता ऊन आलं तेव्हा त्या खिडकीत बसल्याच होत्या. मी हात रंगवायला घेतला, डोळ्याला शिवले नाही. मध्येच त्या म्हणाल्या, 'विहीणबाई, तुमच्या त्या डब्याचे नट फार घट्ट असतात हो. हाताला लागेल एखाद्या वेळी.' मी म्हटलं, उद्यापासून सैल ठेवते. चित्रातला हात आज फार चांगला उतरलाय. तू बघशील तेव्हा सांग.

लेकीने दुपारी मला हळूच विचारलं, डोळा किती दिवसांत होईल. मी म्हटलं, बघू. तिने विहीणबाईंच्या खोलीतल्या कपाटातून माझी शिवणाची टोपली काढली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि त्यांच्या कपड्यांसाठी तो कप्पा रिकामा केला. मला म्हणाली, डोळा सावकाश काढ.

माझं म्हणशील तर मला काय, मला काम हवं असतं, एवढंच. सकाळी उठल्यावर कुणासाठी तरी रंग कालवायचा म्हटलं की पाय आपोआप चालायला लागतात.

वही अजून भरली नाही, पण आजच पाठवते, कारण तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मेहुण्यांना विचारून पिवळ्या मातीची मोठी नळी धाड, लहान पुरायची नाही. आणि दुसरी, उत्तरात डब्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. तुझी पत्रं इथे मोठ्याने वाचली जातात आणि आता ऐकायला आणखी एक माणूस बसतं. सुनेचं, पाठीचं, मांजरीचं सगळं लिही, चांगली चार पानं लिही, आणि लवकर लिही, वाट बघतेय.

तुझी ताई